घरांतील यंत्रशाळा

एकत्र कुटुंबाच्या जुन्या घरांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या वापरतां येत नाहींत आणि विकवतहि नाहींत. पाय निखळलेली शिसवी खुर्ची, वाळवीनें चाखलेल्या पोथ्यांचे रुमाल, वडिलांच्या वेळचें बंद पडलेलें घड्याळ हीं त्यांचीं नेहमींचीं उदाहरणें. आमच्या वरवंडच्या घरांत या वर्गांतील मुख्य वस्तु म्हणजे गोठ्यांत उभी असलेली एक मोटारसायकल. गाई गेल्या, दावणी गेल्या, पण ती आपल्या जागेवरून हलली नाहीं. गतवर्षीं तिचें इंजिन घरच्या घरीं उघडून पुन्हां बांधण्याचा उद्योग आम्हीं केला. साठी उलटलेल्या, संस्कृत व गणित शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षकानें हातांत पाना धरावा हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु त्या उद्योगांत जें पाहिलें, तें मुलेंबाळें असलेल्या प्रत्येक घरानें विचार करण्याजोगें आहे असें वाटल्यावरून तें येथें सांगत आहों.

आमचे थोरले बंधु वैद्यकी करीत. सारें घर त्यांना दादा म्हणे. वरवंड पुणें-सोलापूर रस्त्यावर असल्यानें मोठ्या गांवीं जाण्यास अडचण नव्हती. पण कडेठाण, पडवी, कुसेगांव या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर रात्रीं-अपरात्रीं जाण्यास साधन नसे. म्हणून १९६७ सालीं त्यांनीं कर्ज काढून जावा गाडी घेतली. आषाढवारींत तुकोबांची पालखी यवतहून निघून वरवंडास मुक्कामाला येते. त्या रात्रीं वारकऱ्यांच्या पायांचे फोड आणि पोटाचीं दुखणीं पाहत दादा पहाटेपर्यंत हिंडत, आणि दुसरे दिवशीं औषधांची पिशवी गाडीला अडकवून रोटीच्या घाटापर्यंत पालखीची सोबत करीत. असा क्रम तीस वर्षें चालला. १९९८ च्या सुमारास गाडी पांढरा धूर ओकूं लागली आणि त्याच वेळीं दादांच्या गुडघ्यांनींहि संप पुकारला. गाडी गोठ्यांत गेली. २०११ सालीं दादाहि गेले.

या गाडीचें कूळ सांगण्यासारखें आहे. फ्रांतिशेक यानेचेक या गृहस्थानें १९२९ सालीं प्राग येथें हा कारखाना काढला व जर्मन 'वांडरर' गाडीचे हक्क घेतले. यानेचेक व वांडरर यांचीं पहिलीं अक्षरें जोडून 'जावा' हें नांव झालें. जावा बेटाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें आम्हांस स्वतःस दादांनीं सांगितलें तेव्हां कळलें. पुढें मुंबईच्या रुस्तुम व फारुख इराणी या व्यापाऱ्यांनीं आधीं या गाड्या आयात केल्या आणि मग म्हैसूर येथें 'आयडियल जावा' हा कारखाना उभारला. १९६१ पासून तेथें गाड्या होऊं लागल्या. पुढें त्याच कारखान्याच्या गाड्या 'येझदी' या नांवानें निघाल्या. १९९६ सालीं कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव नव्या गाड्यांवर पुन्हां आलें. परंतु दादांची गाडी म्हैसूरची, पहिल्या पिढींतली.

गतवर्षीं दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या. गोठा पडावयास झाला होता. तो पाडून तेथें दोन खोल्या काढाव्या असें ठरलें. पुण्यास असणारा आमचा पुतण्या, म्हणजे दादांचा मुलगा, म्हणाला, "काका, एक शौकीन गृहस्थ या गाडीचे आहे त्या स्थितींत साठ हजार द्यावयास तयार आहेत. देऊन टाकूं या." वहिनी होय म्हणाल्या नाहींत व नाहींहि म्हणाल्या नाहींत. दुसरी गोष्ट याहून अवघड होती. पुतण्याचा मुलगा, वय वर्षें वीस, स्थापत्याच्या पदवीचा अभ्यास दुसऱ्या वर्षींच सोडून गांवीं येऊन बसला. कॉलेजांत तीन विषय राहिले होते. परंतु राहिलेले विषय हें खरें कारण नव्हे. तो कोणाशीं बोलेना. सकाळीं नऊपर्यंत निजे, दुपारीं तलावाकडे जाऊन बसे. बाप रागावला, आईनें डोळ्यांस पदर लावला, आणि आमच्या घराण्यांत चार पिढ्यांत कोणी शिक्षण अर्धवट टाकलें नाहीं, हें प्रत्येक पाहुण्यानें त्याला ऐकविलें. अशा मुलाच्या मनांत काय चाललें असतें, याची काळजी ज्यांनीं घरांत अनुभवली असेल त्यांना ती सांगावयास नको. आणि ज्यांनीं अनुभवली नाहीं त्यांना सांगून ती कळावयाची नाहीं.

गोठा रिकामा करतांना त्या मुलानें पंधरा दिवसांत पहिल्यानेंच एक प्रश्न विचारला. "आजोबा, ही बंद कां पडली?" आम्ही म्हणालों, "उघडून पाहिल्यावांचून कसें सांगावें?" "मग उघडूं या," तो म्हणाला. आम्ही वहिनींकडे गेलों. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "भाऊजी, उघडतां आहांत, तर बांधूनहि द्या. त्यांच्या वस्तूचे तुकडे पसरलेले मला बघवायचे नाहींत." पुतण्यानें गिऱ्हाइकाला संक्रांतीपर्यंत थांबविण्याचें कबूल केलें. अशा रीतीनें मुदत ठरली आणि अटहि ठरली.

काम कसें चालावें याविषयीं आम्हीं एकच नियम घातला, आणि तो संस्कृताच्या वर्गांतला होता. श्लोक शिकवितांना आधीं पदच्छेद करावा, प्रत्येक पदाची विभक्ति ओळखावी, मग अन्वय लावावा. यंत्राचेंहि तेंच. निघालेला प्रत्येक भाग डिझेलनें धुवावयाचा, तो कोठून व कोणत्या क्रमानें निघाला तें वहींत आकृति काढून लिहावयाचें, आणि त्याचे स्क्रू त्याच्याच डब्यांत ठेवावयाचे. लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचे डबे, वहिनींच्या शिवणाच्या पेटींतले कप्पे, सारें या कामीं लागलें. घरांत मिसळणाचा डबा कोणता आणि बेअरिंगचा कोणता, याविषयीं आमच्या सौ.चा व त्या मुलाचा दोन वेळां वादहि झाला. इंग्रजी पुस्तकांतील आकृत्या तो आपल्या फोनवर शोधी व आम्हांस समजावून सांगे. शिकविण्याचा सराव असलेल्यास शिकण्यांत किती सुख असतें, हें तेव्हां कळलें.

पहिला अडथळा हाच कीं, पिस्टन सिलिंडरांत गंजून बसला होता. किक जागची हलेना. अशा वेळीं हातोडी मारणारा हात आवरावा लागतो. प्लगच्या भोंकांतून डिझेल व इंजिन-तेल यांचें मिश्रण ओतून आम्हीं आठ दिवस वाट पाहिली. रोज सकाळीं तो मुलगा थोडें ओती व किकवर नुसता हात टेकवून पाही. नवव्या दिवशीं ती बोटभर सरली. त्या बोटभर हालचालीनें त्याच्या चेहऱ्यावर जें दिसलें, तें पाहून सौ.नीं त्या दिवशीं शिरा केला.

हें इंजिन दोन ठोक्यांचें. त्याला झडपा नाहींत. सिलिंडरच्या भिंतींतच द्वारें कोरलेलीं असतात आणि वरखालीं जाणारा पिस्टन स्वतःच तीं उघडतो व झांकतो. पिस्टन वर जातांना डोक्यावरचें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबतो, आणि त्याच वेळीं पायाखालीं, म्हणजे क्रँकच्या कोठडींत, नवें मिश्रण ओढून घेतो. ठिणगी पडतांच तो खालीं ढकलला जातो. मग आधीं धुराचें द्वार उघडतें, पाठोपाठ खालच्या कोठडींतील दाबलेलें मिश्रण बाजूच्या वाटांनीं वर येतें. प्राणायामांत पूरक, कुंभक, रेचक हीं एकामागून एक होतात. येथें वरच्या मजल्यावर कुंभक चालू असतां तळमजल्यावर पूरक चालू असतो. म्हणून खालची कोठडी हवाबंद असलीच पाहिजे. तिला जी तेल अडविणारी रबरी कडी असते, तिला कारागीर 'ऑइल सील' म्हणतात. ती वाळून चिरली कीं शेजारच्या खान्यांतलें गिअरचें तेल आंत ओढलें जाऊन जळूं लागतें. दादांच्या गाडीच्या पांढऱ्या धुराचें कारण तें होतें. ज्या दोषानें गाडी सव्वीस वर्षें गोठ्यांत बसली, तो भाग तळहातावर मावणारा आणि किमतीनें अगदींच किरकोळ निघाला.

आंतील मोठ्या बेअरिंगांना गंज चढला होता. तीं काढून नवीं बसविण्याची युक्ति मात्र स्वयंपाकघराची आहे. अल्युमिनियम उष्णतेनें पोलादापेक्षां अधिक फुगतें. स्वच्छ धुतलेली इंजिनाची कोठडी शेगडीवरील लोखंडी तव्यावर ठेवून, पाण्याचा थेंब टाकतांच चुरचुरेल इतकी तापवावी. बेअरिंग मात्र रात्रभर बर्फाच्या कप्प्यांत असावें. मग तें हातमोजा घालून जागेवर धरलें कीं, ठोकाठोक न करतां आपल्या भारानेंच आंत उतरतें. वहिनी दारांत उभ्या राहून हें पाहत होत्या. "तवा घासून द्या म्हणजे झालें," एवढेंच बोलल्या.

सिलिंडर घरीं दुरुस्त होण्यासारखा नव्हता. पुण्यास लेथवर नेऊन तो मोजून घेतला, तेव्हां तो झिजून किंचित् लंबगोल झाल्याचें आढळलें. मूळ व्यास ६५ मिलिमीटर. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर ६५.२५ असा आंकडा होता, म्हणजे दादांनीं एकदां तो वाढवून घेतला होता. आतां ६५.५० करावा लागला. तेवढ्या मापाचा पिस्टन नाना पेठेंत तीन दुकानें हिंडल्यावर मिळाला. किकचा दांता आम्हीं एका रविवारीं जुन्या बाजारांतून शोधून आणला. घरीं आल्यावर त्या मुलाला विचारलें, "व्यास अर्ध्या मिलिमीटरनें वाढला, तर इंजिन किती वाढलें?" तो फोन काढूं लागला. आम्हीं पाटी पुढें केली. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२८३२ सांगितला आहे, आणि परिघाच्या व व्यासाच्या गुणाकाराचा चौथा हिस्सा म्हणजे वर्तुळाचें क्षेत्र, हा नियम भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त आहे. त्या रीतीनें ७५ मिलिमीटरच्या ठोक्यास मूळ आकारमान २४८.९ घनसेंटिमीटर व नवें २५२.७ आलें, वाढ चार घनसेंटिमीटरहि नाहीं. कंपनीच्या पुस्तकांतला २५० चा आंकडा आर्यभटाच्या हिशेबानें जुळला, तेव्हां तो मोठ्यानें हंसला. त्या घरांत त्याचें हंसणें कित्येक महिन्यांत कोणीं ऐकलें नव्हतें.

याच सुमारास पुतण्या एका रविवारीं आला. मुलाचीं काळीं नखें पाहून तो आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, "काका, दोन दिवस विरंगुळा ठीक आहे. पण तुम्हीच त्याला मिस्त्री केलेंत तर मी लोकांना काय सांगूं?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरहि प्रामाणिक द्यावें लागलें. आम्ही म्हणालों, वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत यंत्रमातृका ही एक कला आहे, आणि टीकाकारानें तिचा अर्थ यंत्रें जुळविण्याचें शास्त्र असा केला आहे. भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथांत यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. यावरून आमच्या पूर्वजांजवळ मोटारी होत्या असें कोणी म्हणूं लागल्यास तो शहाणपणा नव्हे. परंतु यंत्राला हात लावणें हलकें असें तेहि म्हणत नव्हते, इतकें यावरून निश्चित दिसतें. हात आणि पोथी यांची फारकत आपण मागाहून केली, आणि ती आपल्याच सोयीसाठीं केली. जवळचें उदाहरण हवें तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचें घ्यावें. त्यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची जागा सोडली, लोखंडी नांगर घडविले आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या नातलगांनाहि लोकांना काय सांगावें हा प्रश्न पडला असेलच. पुतण्या म्हणाला, "ते किर्लोस्कर होते, काका. हा तीन विषय राहिलेला मुलगा आहे." त्यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलून पटण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

ती पटण्यासारखी गोष्ट पुढच्याच आठवड्यांत घडली. पिस्टन गरम पाण्यांत तापवून त्याची पिन बसविली, दोन्ही बाजूंस नव्या कड्या लावल्या, रिंगा दाबून सिलिंडर खालीं सरकविला. संध्याकाळ झाली, आम्ही निजावयास गेलों. रात्रीं अकराला ओसरीवर दिवा दिसला म्हणून उठून पाहतों, तों त्या मुलानें सिलिंडर पुन्हां काढलेला. आम्हीं कारण विचारलें. पिस्टनच्या माथ्यावर बाणाची खूण असते आणि ती पुढें, धुराच्या द्वारांकडे असावी लागते. अंथरुणांत पडल्यावर त्याला शंका आली कीं, आपण ती उलटी बसविली. वहींतली आकृति काढून पाहिली. शंका खरी निघाली. रिंगांचीं टोकें द्वारांत अडकूं नयेत म्हणून त्यांना खिळ्या असतात. पिस्टन उलटा बसला तर तीं टोकें नको तेथें येतात आणि केव्हां तरी रिंग तुटून सिलिंडर फाटतो. "सकाळीं केलें असतेंस तरी चाललें असतें," आम्ही म्हणालों. तो म्हणाला, "आजोबा, झोंपच येईना. कोणाला कळलें नसतें, पण इंजिनाला कळलें असतें."

आमच्या नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत हजारों उत्तरपत्रिका आमच्या हातांखालून गेल्या. त्यांत कोणाला न कळणारी चूक स्वतः होऊन दाखविणारे विद्यार्थी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्याला कॉलेजनें बेफिकीर ठरविलें, तो मुलगा थंडीच्या रात्रीं एका बाणासाठीं दिवसाचें काम उलगडून बसला होता. परीक्षकाच्या डोळ्यांत धूळ टाकतां येते. यंत्राच्या टाकतां येत नाहीं, आणि हें ज्याला मनापासून आवडतें तो मुलगा वायां गेला असें म्हणण्याचा अधिकार कोणाला? ही हकीकत आम्हीं पुतण्याला पत्रानें कळविली. फोन असतांना पत्र लिहिलें, कारण कांहीं गोष्टी बापानें एकांतांत दोनदां वाचाव्या लागतात.

पुढचें काम बारीक होतें. हेड बसविण्यापूर्वीं पिस्टन माथ्यापासून तीन मिलिमीटर खालीं असतां ठिणगी पडावी असें जुळविलें. पॉइंटच्या फटींत पतंगाच्या कागदाची चिंधी धरावी. पॉइंट उघडतांक्षणीं ती सुटून येते, आणि तोच ठिणगीचा क्षण. कार्ब्युरेटरच्या रबरांची निराळीच कथा. आमच्या दौंड तालुक्यांत चहूंकडे ऊस. उसाचें इथेनॉल होतें, आणि २०२५ पर्यंत देशांतल्या पेट्रोलांत त्याचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. जुन्या रबराला तें मानवत नाहीं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास तें हवेंतलें पाणीहि ओढून घेतें. म्हणजे आमच्याच शिवारांतला ऊस आमच्याच गाडीच्या रबराला खाणार. म्हणून सारीं रबरें नव्या जातीचीं घातलीं, आणि काम नसेल तेव्हां टांकी व कार्ब्युरेटर रिकामा ठेवण्याचा नियम केला. पेट्रोलांत लिटरला चाळीस मिलिलिटर तेल मिसळावयाचें. या इंजिनाला दुसरें वंगण नाहीं, त्याचें अन्न आणि औषध एकाच पेल्यांतून जातें.

संक्रांतीला चार दिवस असतां गाडी अंगणांत आणली. पुतण्या रजा काढून आला होता; पत्राविषयीं तो कांहीं बोलला नाहीं. पहिल्या वीस-पंचवीस किकांना कांहीं झालें नाहीं. मुलानें प्लग काढून पाहिला, ठिणगी मंद होती. जुना कंडेन्सर बदलला. मग बापानें पायांतले जोडे काढून बाजूला ठेवले आणि म्हणाला, "मला मारूं दे. लहानपणीं दादांची गाडी मीच सुरू करून देत असें." तिसऱ्या किकेला इंजिन धरलें. दोन्ही नळकांड्यांतून धूर निघाला, आणि तो जुना, ठोकेदार आवाज घरांत घुमला. पूर्वीं संध्याकाळीं तलावाच्या वळणावर हा आवाज येतांच वहिनी चुलीवर आधण ठेवीत असत. त्या पदराला हात पुशीत बाहेर आल्या, थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "धूर घरांत येतो आहे. गाडी अंगणाबाहेर न्या." मग आंत जाऊन त्यांनीं आधण ठेवलें. दुपारचे तीन वाजले होते.

गिऱ्हाइकाला नकार कळविण्याचें काम पुतण्यानेंच केलें. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील व मूळ स्वरूपांत राखलेली दुचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवितां येते व तिला 'व्हीए' अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. परंतु मग ती रोजच्या वापराला चालत नाहीं. कोणती नोंद करावी याचा विचार घरांत अद्याप चालू आहे. मुलाचा मात्र ठरला आहे. राहिलेले विषय देण्यापेक्षां औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत यंत्रकामाचा अभ्यासक्रम घ्यावा असें त्यानें सांगितलें, आणि बापानें प्रवेशाच्या अर्जावर सही केली. मनांतून तो पूर्ण निवळला आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पदवीचें स्वप्न एका हिंवाळ्यांत विरत नसतें, आणि विरावें असाहि आमचा आग्रह नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या घरांत असें एखादें मूल मुकें होऊन बसलें असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं त्याला उपदेश करण्यापूर्वीं त्याच्या हातीं एखादी बिघडलेली वस्तु द्यावी, आणि आपण शेजारीं बसावें. मोटारसायकल नसेल तर शिवणाचें यंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, भिंतीवरचें घड्याळ असेल. वस्तु दुरुस्त होवो वा न होवो, मुलाच्या अंगीं काय आहे तें दिसून येतें. आणि तें दिसल्यावर लोकांना काय सांगावें हा प्रश्न तितकासा अवघड राहत नाहीं.